आधी भार, मग तार, मग रिले

कोल्हापूर

चि. भाच्यास,


ताईचा फोन आला होता. सावंतवाडीत गाळा मिळाला, आयटीआयचं प्रमाणपत्र हातात आलं आणि मृग लागायच्या आत ऑटो इलेक्ट्रिकचं दुकान उघडायचं ठरलं, हे ऐकून फार समाधान वाटलं. तू निरोप दिलास तोही पोचला. आंबोली घाटातून ये-जा करणारे लोक धुक्यासाठी जादा दिवे मागतात, गोव्याकडचे हौशी लोक मोठे हॉर्न आणि अ‍ॅम्प्लिफायर घेऊन येतात, तेव्हा रिलेची जोडणी एकदा नीट समजावून सांगा, असं तू म्हटलं आहेस. फोनवर हे सांगून भागणार नाही, म्हणून सविस्तर लिहितो. वाचून झाल्यावर पत्र दुकानातच ठेव. हाताखाली पोरगा येईल तेव्हा त्यालाही वाचायला दे.

पहिलीच गोष्ट मनावर घे. रिले जोडायला सोपा आहे. चार पिना, चार तारा; हुशार पोरगा तासाभरात शिकतो. म्हणूनच नवीन वायरमन रिलेवर फार भरवसा ठेवतो आणि तारेकडे, फ्यूजकडे, अर्थिंगकडे दुर्लक्ष करतो. माझ्याकडे जळक्या वायरिंगच्या म्हणून ज्या गाड्या येतात, त्यांत रिले बहुधा शाबूत असतो. जळलेली असते ती तार. म्हणून कामाचा क्रम कायम हाच ठेव: आधी भार मोज, भाराला पुरेल अशी तार निवड, तारेला सांभाळेल असा फ्यूज लाव आणि मग रिलेला हात घाल. पुढं जे लिहितो आहे तो याच क्रमाचा विस्तार आहे.

रिले म्हणजे काय, हे गिऱ्हाइकाला दोन वाक्यांत सांगता आलं पाहिजे. आत तांब्याच्या बारीक तारेची कॉइल असते. तिच्यातून थोडा करंट गेला की ती लोहचुंबक बनते, लोखंडी पट्टी ओढून घेते आणि जाड पॉइंट एकमेकांना टेकतात. थोड्या करंटनं मोठा करंट चालू-बंद करायचा, एवढंच त्याचं काम. अमेरिकेतल्या जोसेफ हेन्री यांनी १८३५ च्या सुमारास ही युक्ती करून दाखवली आणि पुढं तारायंत्रानं ती जगभर नेली. लांबून क्षीण होऊन आलेला करंट स्टेशनातल्या ताज्या बॅटरीचा करंट पुढं सोडत असे. तुमच्या शेतावरच्या मोटारीच्या स्टार्टरमध्ये हिरवं बटण दाबल्यावर खाडकन आवाज येतो, ते याच जातीचं मोठं भावंड. गाडीतसुद्धा हे तत्त्व जुनंच आहे. सेल्फ मारताना स्टार्टर मोटार दीडशे-दोनशे अँपिअर ओढते. तेवढा करंट चावीच्या स्विचमधून गेला तर स्विच क्षणात वितळेल. म्हणून चावी फक्त सोलेनॉइडला इशारा देते आणि बॅटरीचा करंट जाड केबलमधून थेट स्टार्टरला जातो. तू जादा दिव्यांसाठी जे करणार आहेस ते हेच, फक्त लहान प्रमाणात.

आता भार. कुठलीही वस्तू हातात आली की तिच्यावरचे वॅट वाच आणि बाराने भाग. फॉग लॅम्पचे दोन ५५ वॅटचे बल्ब म्हणजे ११० वॅट. बाराने भागले की सव्वानऊ अँपिअरच्या आसपास. विंडटोन हॉर्नची जोडी साधारण आठ ते दहा अँपिअर घेते. ३०० वॅटचा इन्व्हर्टर पूर्ण भाराला २५ अँपिअर, आणि त्याची स्वतःची तूट धरली तर त्याहून जास्त. वॅट लिहिलेले नसतील तर वस्तू बॅटरीवर लावून क्लॅम्प मीटरनं करंट मोज. क्लॅम्प मीटर डीसी मोजणाराच घे. घरगुती वायरिंगवाल्यांचा फक्त एसी मोजणारा मीटर इथं उपयोगाचा नाही. अंदाजानं काम करायचं नाही.

भार कळला की तार. स्विचमधूनच दिवे का लावत नाही, रिलेची भानगड कशाला, असं गिऱ्हाईक विचारेल. त्याला हिशोब करून दाखव. समज, पाऊण एमएमच्या तारेनं बॅटरीपासून डॅशबोर्डच्या स्विचपर्यंत आणि तिथून परत पुढच्या दिव्यांपर्यंत पाच मीटरचा फेरा घातला. तांब्याच्या त्या तारेचा रोध मीटरला साधारण ०.०२३ ओहम. सव्वानऊ अँपिअरला पाच मीटरमध्ये एक व्होल्टाहून थोडं जास्तच तार खाऊन टाकते. स्विचचे पॉइंट आणि कपलर आणखी खातात. हॅलोजन बल्बचं असं आहे की व्होल्टेज दहा टक्के घटलं की प्रकाश जवळजवळ तीस टक्के घटतो. म्हणजे गिऱ्हाइकानं पैसे पूर्ण उजेडाचे दिले आणि घाटात त्याला उजेड मिळाला पाऊण. उरलेली शक्ती गेली तार आणि स्विच तापवण्यात. आता रिले बॉनेटखाली बसवून अडीच एमएमची तार बॅटरीतून थेट दिव्यांकडे दोन मीटर नेली, तर तीच घट सव्वा दशांश व्होल्टवर येते. डॅशबोर्डच्या स्विचमधून फक्त कॉइलचा करंट जातो. बारा व्होल्टच्या साध्या रिलेची कॉइल ८० ते १०० ओहमची असते, म्हणजे तो करंट दीडशे मिलिअँपिअरच्या घरात. त्याला पाऊण एमएमची तारही भरपूर झाली.

तार घेताना एमएम म्हणजे चौरस मिलिमीटर, हे दुकानदाराला स्पष्ट विचारून घे. वरचं प्लास्टिक जाड आणि आत तांबं थोडं, अशी तार बाजारात मिळते. टोक सोलून बघ. तांब्याचा मुलामा दिलेल्या अ‍ॅल्युमिनियमची तार तर हातातच घेऊ नकोस. ती तांब्यापेक्षा जास्त तापते आणि खारट दमट हवेत टोकाला लवकर कुजते. तुझ्याकडे समुद्र जवळ आहे, हे विसरू नकोस. घराच्या वायरिंगची एकेरी जाड तारही गाडीत नको. इंजिनाच्या थरथरीनं ती वाकत वाकत तुटते. बारीक तंतूंची, गाडीसाठी बनवलेली, उष्णता सोसणारी तारच वापर.

आता फ्यूज, आणि इथं मी तुला हात जोडून सांगतो. फ्यूज दिव्याला वाचवायला नसतो, तारेला वाचवायला असतो. म्हणून तो दिव्याजवळ किंवा रिलेजवळ लावून उपयोग नाही. बॅटरीच्या टर्मिनलपासून एका वितीच्या आत तो असला पाहिजे. बॅटरी ते फ्यूज एवढा तुकडा कायम उघड्यावर असतो, त्याला कुणाचं संरक्षण नाही; तो जितका आखूड तितकं बरं.

गेल्या पावसाळ्यात एक जीप माझ्याकडे ओढून आणली होती. कुणीतरी बॅटरीतून रिलेला थेट तार दिली होती, मध्ये फ्यूज नव्हता. तार मडगार्डच्या पत्र्यातल्या भोकातून नेलेली आणि भोकाला रबरी ग्रोमेट नाही. खड्ड्यांतून जाता जाता पत्र्याची धार तारेवर घासत गेली, एक दिवस प्लास्टिक कापलं गेलं आणि तांबं बॉडीला टेकलं. गाडीची बॅटरी शॉर्टमध्ये शेकडो अँपिअर देते. ती तार लाल झाली, तिनं शेजारची कंपनीची अख्खी हार्नेस वितळवली. ड्रायव्हर प्रसंगावधानी होता, त्यानं बॅटरीचं टर्मिनल ओढून काढलं म्हणून गाडी आणि आतली माणसं वाचली. रिले अजून चालू होता. त्या वायरमननं जोडणी बरोबर केली होती, दिवेही झक्क लागत होते. गिऱ्हाईक खूश होऊन गेलं असणार. पंधरा अँपिअरचा एक फ्यूज तेवढा राहून गेला होता.

फ्यूज किती अँपिअरचा, तर चालू भाराच्या सव्वापट ते दीडपट आणि तार सोसेल त्याहून कमी. नेमका तेवढा मिळत नसेल तर लगेच वरचा; सव्वानऊ अँपिअरच्या दिव्यांना पंधराचा निळा. रंग पाठ असू दे: दहाचा लाल, पंधराचा निळा, विसाचा पिवळा, पंचवीसचा पांढरा, तिसाचा हिरवा. वितळलेल्या फ्यूजच्या जागी जास्त अँपिअरचा घालू नकोस. तारेचा तुकडा किंवा सिगारेटच्या पाकिटातली चांदी घालणारे लोक तुला भेटतील. अशी गाडी आली तर आधी ते काढ, मग बाकीचं काम. फ्यूज पुन्हा पुन्हा जात असेल तर तो काहीतरी सांगतो आहे. कारण शोधल्याशिवाय दुसरा लावायचा नाही.

मग येतो रिले. पिनांचे नंबर जर्मनीच्या डीआयएन ७२५५२ या मानकातून आलेले आहेत आणि जगभर तेच चालतात, म्हणून एकदा पाठ केलेस की कुठल्याही गाडीत उपयोगी. ३० ला बॅटरीचा पॉझिटिव्ह, फ्यूजमधून आलेला. ८७ मधून दिव्याला किंवा हॉर्नला. ८६ ला स्विचमधून येणारा इशारा, ८५ ला अर्थ. पाचवी पिन असेल तर ती ८७ए. रिले झोपलेला असताना ३० आणि ८७ए जोडलेले असतात आणि रिले उचलला की करंट ८७ कडे वळतो. याचा अर्थ नीट ध्यानात घे. ३० ला बॅटरी दिली असेल तर ८७ए वर सगळं बंद असतानाही करंट आहे. ती पिन वापरायची नसेल तर उघडी ठेवू नकोस, किंवा सरळ चार पिनांचा रिले घे. काही पाच पिनांच्या रिलेत ८७ए नसतो, दोन ८७ असतात. दिसायला दोन्ही सारखे. आणि काही रिलेंत ३० आणि ८६ यांच्या जागा आपसात बदललेल्या असतात. म्हणून पिनेची जागा बघून कधी तार लावू नकोस, पोटावर छापलेला नंबर वाचूनच लाव. जुन्याच्या जागी नवा रिले बसवताना हीच काळजी.

फॉग लॅम्पचं पूर्ण काम असं कर. बॅटरीचं निगेटिव्ह टर्मिनल आधी सोड. पॉझिटिव्हला लग दाबून अडीच एमएमची तार काढ, वितीच्या आत पंधराचा फ्यूज होल्डर, तिथून रिलेची ३०. ८७ मधून अडीचची तार बंपरपर्यंत, तिथं दोन फाटे, प्रत्येक दिव्याला दीड एमएम. इशारा पार्किंग लाइटच्या पॉझिटिव्हमधून घे, डॅशबोर्डवरच्या स्विचमधून नेऊन ८६ ला दे. ८५ बॉडी अर्थ. असं केलंस की पार्किंग लाइट लावल्याशिवाय फॉग लॅम्प लागत नाहीत आणि गिऱ्हाईक स्विच विसरलं तरी पार्किंगसोबत ते बंद होतात.

इशारा कुठून घ्यायचा, हा विचार प्रत्येक कामात स्वतंत्र कर. कायम बॅटरीतून घेतला आणि स्विच चालू राहिला, तर नुसती कॉइलसुद्धा दिवसाला साडेतीन अँपिअर-अवर खाते. ३५ अँपिअर-अवरची बॅटरी पाच दिवसांत निम्मी होते. मुंबईला गेलेला माणूस परत येतो आणि सेल्फ लागत नाही. दोष बॅटरीला दिला जातो. म्हणून चावीसोबत चालायच्या वस्तूंचा इशारा इग्निशनमधून घे. अ‍ॅम्प्लिफायर असेल तर डेकच्या रिमोट वायरमधून. कंपनीच्या फ्यूज बॉक्समधून इशारा घेताना तार सोलून गुंडाळायची नाही. फ्यूजच्या जागी बसणारा टॅप मिळतो, तो वापर.

हॉर्नच्या बाबतीत एक फरक आहे. पुष्कळ गाड्यांत स्टिअरिंगवरचं बटण पॉझिटिव्ह देत नाही, अर्थ देतं. तिथं ८६ ला इग्निशनचा पॉझिटिव्ह द्यायचा आणि ८५ बटणाकडे न्यायची. काही जपानी बनावटीच्या गाड्यांत हेडलाइटचा स्विचही अर्थच्या बाजूनं चालतो. तेव्हा आधी टेस्ट लॅम्पनं बघ की बटण दाबल्यावर काय येतं, पॉझिटिव्ह की अर्थ. हे न बघता जोडणारा माणूस मग अर्धा दिवस रिले बदलत बसतो.

अर्थिंगवर तुझ्या भागात सगळ्यात जास्त वेळ दे. करंट जेवढा जातो तेवढाच परत येतो, म्हणून अर्थची तार पॉझिटिव्हइतकीच जाड. बोल्टखालचा रंग घासून पत्रा चकचकीत कर, दाताचा वॉशर घाल, लग आवळ आणि मग वरून व्हॅसलीन लाव. रंगावरच बोल्ट आवळला की दिवे पहिल्या दिवशी लागतात आणि पहिल्या पावसानंतर मिणमिणतात. नव्या गाड्यांत बॅटरीच्या निगेटिव्ह टर्मिनलवर एक लहान सेन्सर बसवलेला असतो. तिथं अर्थ थेट टर्मिनलला लावू नकोस, बॉडीच्या अर्थ पॉइंटला लाव. नाहीतर तुझ्या वस्तूनं खाल्लेला करंट सेन्सरच्या मोजणीत येत नाही आणि गाडीचा चार्जिंगचा हिशोब चुकतो.

नव्या गाड्यांचा विषय निघाला म्हणून कॉइलबद्दल एक सांगतो. रिले बंद होतो त्या क्षणी कॉइलमधलं चुंबकत्व कोसळतं आणि उलट दिशेनं शेकडो व्होल्टचा झटका निघतो. जुन्या जीपला त्याचं काही वाटत नसे. आताच्या गाडीत तोच इशारा एखाद्या कंट्रोल युनिटमधून येत असेल तर त्याचा आतला ट्रान्झिस्टर मरू शकतो. म्हणून आत रोध किंवा डायोड बसवलेला रिले घे. डायोडवाल्या रिलेत ८६ ला पॉझिटिव्ह आणि ८५ ला अर्थ असंच हवं. उलट लावलंस तर डायोडमधून शॉर्ट होतो. बाहेरून १एन४००७ डायोड लावायचा असेल तर चांदीचा पट्टा ८६ कडे. आणि गाडी बॉडी कंट्रोल मॉड्यूलवाली असेल, दिवे एलईडी असतील, तर त्या तारांना थेट हात घालण्याआधी त्या गाडीचा वायरिंग डायग्राम मिळव. मिळाला नाही तर गिऱ्हाइकाला नाही म्हण. नाही म्हणण्यानं दुकान बुडत नाही.

रिले कुठं बसवायचा? एक्झॉस्टपासून आणि रेडिएटरच्या गरम हवेपासून लांब, पाण्याच्या फवाऱ्यापासून आडोशाला, पिना खाली करून. पिना वर राहिल्या तर सॉकेटमध्ये पाणी साठतं. रिलेकडे येणाऱ्या तारांना आधी खाली झोका दे आणि मग वर ने, म्हणजे तारेवरून ओघळणारं पाणी रिलेत न शिरता तिथंच ठिबकेल. तार पत्र्यातून जाईल तिथं ग्रोमेट, हलत्या भागाजवळ स्लीव्ह, दर वितीवर टाय. तारा पिळून टेप मारायचा नाही. योग्य मापाचा लग योग्य क्रिम्पिंग पक्कडीनं दाब, ओढून बघ, वरून उष्णतेनं आवळणारी स्लीव्ह चढव. आंबोलीत पावसाळ्यात किती कोसळतो ते तुला मी सांगायला नको. जोडात पाणी शिरलं की ते तारेच्या आतून तंतूंच्या मधून वर चढत जातं आणि हिरवा गंज फूटभर आतपर्यंत सापडतो.

रिलेवर ३० किंवा ४० अँपिअर लिहिलेलं असतं, म्हणून तेवढा भार कायम टाकायचा नसतो. बॉनेटखालच्या उष्णतेत त्याच्या साठ-सत्तर टक्क्यांवर थांब. थंड बल्ब पेटताना क्षणभर चालू करंटाच्या दहापट ओढतो आणि मोटार सुरू होतानाही तसंच. पॉइंट तेव्हाच चिकटतात. मोठा इन्व्हर्टर साध्या रिलेवर टाकू नकोस, त्याला बॅटरीतून स्वतःची जाड केबल आणि स्वतःचा फ्यूज दे. ट्रकला आणि बसला २४ व्होल्टचा रिले लागतो, बारा व्होल्टचा नाही. दोन बॅटऱ्यांपैकी एकीवरून बारा व्होल्ट काढून टेप लावायची ट्रकवाल्यांची जुनी सवय आहे. त्यानं एक बॅटरी सतत उपाशी राहते आणि दुसरी जास्त चार्ज होते. तिथं २४ चे १२ करणारा कन्व्हर्टरच हवा.

दुचाकीवाली पोरं जादा दिवे लावायला येतील तेव्हा आधी गाडीचा अल्टरनेटर किती वॅटचा आहे ते बघ. १ एप्रिल २०१७ पासून आपल्याकडे नव्या दुचाकींचा हेडलाइट इंजिनासोबत आपोआप पेटतो, म्हणजे त्याचा भार कायमच आहे. राहिलेल्या शक्तीत ११० वॅटचे हॅलोजन दिवे बसत नाहीत. रिले शक्ती निर्माण करत नाही. कमी वॅटचे चांगले एलईडी दिवे सुचव. सीएनजीच्या गाडीत रिले सिलेंडर आणि गॅसच्या नळ्यांपासून लांब ठेव, कारण पॉइंट उघडताना ठिणगी पडतेच. इलेक्ट्रिक गाडीत जादा वस्तूंसाठी बारा व्होल्टची छोटी बॅटरी असते, तिथपर्यंतच तुझं काम. नारिंगी केबल दिसली की हात मागे. तिच्यात माणूस मारण्याइतका दाब असतो.

काम झालं की तपासल्याशिवाय चावी देऊ नकोस. वस्तू चालू असताना बॅटरीच्या पॉझिटिव्हपासून दिव्याच्या पॉझिटिव्हपर्यंत मीटर लाव. अर्ध्या व्होल्टपेक्षा जास्त दिसलं तर कुठंतरी जोड कच्चा आहे. तसंच दिव्याच्या अर्थपासून बॅटरीच्या निगेटिव्हपर्यंत बघ. दिवे वीस मिनिटं चालू ठेव आणि फ्यूज होल्डर, सॉकेट, लग यांना हात लाव. कोमट चालेल, चटका बसता कामा नये. सगळं बंद करून बॅटरीतून किती करंट जातो तेही मोज. गाडी पूर्ण झोपल्यावर तो पन्नास मिलिअँपिअरच्या आत असला पाहिजे. बिघाड शोधतानाही हाच मीटर. रिलेचा टक आवाज आला म्हणजे कॉइल ठीक, पण पॉइंट जळलेले असू शकतात. ३० आणि ८७ मधली घट चालू भारावर मोज, म्हणजे कळेल. रेडिएटरचा फॅन चालत नसेल आणि गाडीत हॉर्नचा रिले त्याच नंबरचा आणि त्याच रचनेचा असेल, तर दोन्हींची अदलाबदल करून बघ. दोन मिनिटांत दोष रिलेचा आहे की नाही ते समजतं.

शेवटी काम घेताना कुठं थांबायचं ते लिहितो. केंद्रीय मोटार वाहन नियमांतल्या ११९ व्या नियमानुसार वेगवेगळे सूर काढणारे, कर्कश हॉर्न गाडीला लावायला बंदी आहे. तसले हॉर्न लावून द्यायचे नाहीत, कितीही पैसे दिले तरी. १०० वॅटचे हेडलाइट बल्ब रिले लावला तरी नकोच. कंपनीनं ६०/५५ वॅट ठरवले ते होल्डर, काच आणि समोरून येणाऱ्या माणसाचे डोळे यांचा विचार करून. घाटात धुकं असताना उंच लावलेला झगझगीत दिवा स्वतःच्याच डोळ्यांवर परत येतो, तो खाली बंपरजवळ आणि खाली झुकलेला हवा. गिऱ्हाइकाला हे नीट सांगितलंस तर दहांतले आठ ऐकतात. उरलेले दोन दुसरीकडे जातील, जाऊ देत.

प्रत्येक कामाचा एक लहान नकाशा काढ: तार कुठून कुठं गेली, रंग कोणता, फ्यूज किती अँपिअरचा, रिले कुठं. एक कागद गाडीच्या कागदपत्रांत ठेव, एक तुझ्या वहीत. पाच वर्षांनी ती गाडी पणजीला किंवा बेळगावला दुसऱ्या वायरमनकडे गेली तर त्याचा दिवस वाचेल आणि तो तुझ्या तारा कापणार नाही. आपल्या धंद्यात गिऱ्हाइकाला आपलं काम दिसत नाही, ते बॉनेटखाली आणि कार्पेटखाली असतं. दिवा लागला की त्याच्या दृष्टीनं काम झालं. ते झालं की नाही हे फक्त आपल्याला माहीत असतं, आणि त्या गाडीत रात्री पोराबाळांना घेऊन माणूस घाट चढतो.

ताईला आणि दाजींना नमस्कार सांग. उद्घाटनाला मी येतोच आहे. येताना चांगली क्रिम्पिंग पक्कड आणि डीसी क्लॅम्प मीटर तुझ्यासाठी घेऊन येईन. तोपर्यंत कुणाचं काम हातात घेतलंस तर एवढं एक पाळ: बॅटरीपाशी फ्यूज लावल्याशिवाय एकही गाडी दुकानातून बाहेर सोडू नकोस.

कळावे,
तुझा मामा